फुलंब्रीच्या हवेची पत्रिका

संभाजीनगरला जाऊन आले असं सांगितलं, की पुण्यातले लोक लगेच विचारतात, "वेरूळ पाहिलंस? दौलताबादला चढलीस?" मी दोन्ही पाहिलं नाही. मी तिथली हवा पाहून आले. हे ऐकल्यावर समोरच्याचा चेहरा असा काही होतो, की पुढचं बोलणं मी बहुतेक वेळा गिळूनच टाकते. लिहिताना कोणाचा चेहरा दिसत नाही, म्हणून इथे सगळं सांगते.

आमचं पुण्यातलं छोटंसं ऑफिस हवेचे नकाशे बनवतं. गावाचे चौकोन पाडायचे, धूळ आणि धूर कुठून निघतो ते त्या चौकोनांत भरायचं, आणि वरून वारा सोडायचा. म्हणजे खरा नाही, संगणकातला. मग संगणक सांगतो, कुठल्या चौकोनात हवा कशी असेल. वाईट असेल तो लाल, बरी असेल तो हिरवा. कारखान्याला परवानगी द्यायची का, कोणत्या अटींवर द्यायची, हे ठरवताना सरकारी साहेबांना असा नकाशा उपयोगी पडतो. प्रत्यक्षात बांधून मग पस्तावण्यापेक्षा संगणकात बांधून बघितलेलं बरं.

फुलंब्रीच्या पलीकडे एका गावाला लागून खडीकेंद्र आहे. डोंगरातला दगड आणून, फोडून त्याची खडी करतात. मालकाला ते दुप्पट मोठं करायचं होतं. गावावर किती धूळ येईल, याचा नकाशा मी केला होता, आणि तो तपासायला गावातल्या एका घराच्या गच्चीवर धूळ मोजणारं यंत्र बसवलं होतं. पण नकाशा आणि यंत्र यांचं पटेना. दिवसा बरंचसं जुळायचं, पण काही काही संध्याकाळी, केंद्र बंद झाल्यावर, यंत्राचा आलेख एकदम डोंगरासारखा वर जायचा. उलट एखादा अख्खा दिवस नकाशा लाल म्हणायचा आणि यंत्र म्हणायचं, छे, हवा स्वच्छ आहे, आणि रविवारी नेमकं याच्या उलट.

"जाऊन बघ," आमचे सर म्हणाले. "परवानगीची बैठक याच आठवड्यात आहे."

लोकांशी बोलावं लागू नये म्हणून मी संगणकाची नोकरी धरली होती. पण हे सरांना सांगायलाही बोलावंच लागलं असतं.

छावणी

राहायची सोय संभाजीनगरच्या छावणी भागात होती. मोठी झाडं, शांत रस्ते, चुना लावलेले दगड, आणि दोन वळणं घेतली की एकदम गजबजलेला बाजार. गाडी चालवायला रफिकभाई होते. वय साठीच्या आसपास, डोक्यावर लोकरी टोपी, आणि थांबून थांबून बोलण्याची अशी सवय, की त्यांचं वाक्य संपलं की नाही याचा अंदाज येईपर्यंत ते हसून मोकळे झालेले असत.

"हवा नापने को आए ना मॅडम?" बॅग डिकीत ठेवत त्यांनी विचारलं.

"हो."

"पुने में खतम हो गई क्या?"

मला उत्तर सुचलं, पण रात्री झोपताना. माझं नेहमी असंच होतं.

रात्री त्यांनी मला नान-खलिया खायला नेलं. हळदीचा रंग दिलेला गोल, जाडसर नान आणि मटणाचा लाल तवंग असलेला रस्सा. पुण्यात आपण "नको" म्हटलं की वाढणारा पुढे जातो, कधी कधी आपण "हो" म्हटलं तरी जातो. इथे मी "नको" म्हटलं, वाढणाऱ्यानं मान डोलावली आणि वाढलं. मी हात आडवा धरला, त्यानं हाताच्या बाजूनं वाढलं.

"इधर नक्को बोले तो भी आता, हौ बोले तो भी आता," रफिकभाई म्हणाले. "बोलने की तकलीफ कायकू करते?"

न बोलणाऱ्या माणसाला इतकं सोयीचं शहर मी दुसरं पाहिलेलं नाही. फक्त पोट मोठं हवं.

घाटापलीकडे

हर्सूल मागे पडलं आणि चौक्याच्या घाटात गाडी चढायला लागली, तेव्हा सकाळचं धुकं दरीत साचून राहिलं होतं. मला ते सुंदर दिसायला हवं होतं. मला दिसलं ते असं, की हवा खाली दबलेली आहे आणि धूळ वर जायला जागा नाही. या नोकरीनं माझं निसर्गसौंदर्य बरंच खराब केलेलं आहे.

घाट उतरल्यावर कापूस वेचून झालेली रानं, कपाशीच्या वाळल्या काड्यांची उभी पऱ्हाटी, अद्रकीचे हिरवे पट्टे आणि कमरेच्या वर गेलेली, दाण्यात आलेली ज्वारी. गाव जवळ आलं, तसा झाडांचा रंग बदलला. पानांवर पिठासारखी पांढुरकी धूळ होती. नकाशात मी याला "लाल" म्हणत होते.

यंत्राचं घर कोणालाही विचारावं लागलं नाही. गावात त्याला "यंत्रवाल्याचं घर" म्हणू लागले होते. घर दादारावांचं. दारात त्यांच्या पत्नी विमलकाकू उभ्या होत्या. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि रफिकभाईंना विचारलं, "हीच का ती हवेची पोरगी? लई बारीक हाय. हवेवरच राहती का काय?"

"रात को खलिया खाई," रफिकभाईंनी माझी बाजू घेतली.

गच्चीखाली, बरोबर यंत्राच्या खाली, एक बाज टाकलेली होती. मी यंत्र तपासायला वर जायला निघाले, तर काकू म्हणाल्या, "आधी बस जरा बाजेवर. प्रवासातून आली. तिथली हवा चांगली हाय."

"तिथली का?"

"यंत्र ओढून घेतं ना धूळ. म्हनून तर बाज इथं आनली."

हे यंत्र हवा मोजतं, साफ करत नाही, हे मी समजावून सांगितलं. काकूंनी ऐकून घेतलं. मग बाजेकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "मंग हे नुसतंच बघत बसतं?"

"हो."

"आमच्या ह्यांच्यासारखं."

दादाराव आत चहा पीत होते. त्यांनी काही ऐकलं नाही, किंवा ऐकून सवय झाली असावी.

मग काकूंनी संगणकाबद्दल विचारलं. मी चौकोन, वारा, रंग असं सगळं शक्य तितक्या मराठीत सांगितलं. माझं मराठी घरात बोलण्यापुरतं आहे. शाळा इंग्रजी, कॉलेज इंग्रजी, आणि धुळीबद्दल तर मी आयुष्यात इंग्रजीतच बोललेले. काकूंनी मध्येच हात वर केला.

"म्हंजे तू हवेची पत्रिका बघती. पुढं काय होनार ते आधी मांडून."

"हो... साधारण तसंच."

"आन नाय जुळली तर?"

"मग असं घरी येऊन बघावं लागतं."

"अगं बाई! बघायचाच कार्यक्रम की!" काकू पदराआड हसल्या. "रफिकभाई, पोहे टाकू का?"

पोहे खरोखरच आले. ते खाताना माझं लक्ष घराच्या आत गेलं. छताच्या कडीला पाळणा टांगलेला होता, रिकामा, वरून जुनी साडी झाकलेली. काकूंनी माझी नजर पाहिली.

"सुनेचं माहेर सोयगावला. बाळंतपनाला गेली. नातू झाला." मग म्हणाल्या, "छातीनं नाजूक हाय. डॉक्टर म्हनला, धुळीत ठेवू नका. सून म्हनती, धूळ कमी झाली की येते. तिचं काय चुकलं? मी बी तेच म्हनले असते."

मुलगा रोज फुलंब्रीवरून शहरात कामाला जायचा आणि रविवारी सोयगावला. काकूंनी नातवाला फक्त दवाखान्यात पाहिलेलं होतं.

"केंद्र मोठं झालं तर मंग बाळ काय यायचं नाय," त्या म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, "पन बंद नको हं पोरी. ह्यांचा ट्रॅक्टर तिथंच चालतो. बंद नको, झाका म्हनावं."

खडीकेंद्र बंद न करता झाकायचं, पाणी मारायचं, याला आमच्या भाषेत मोठं नाव आहे. काकूंनी ते चार शब्दांत सांगितलं, आणि माझ्या लक्षात आलं, की माझा नकाशा चुकीचा ठरला तर हे चार शब्द बैठकीत कोणी ऐकणार नाही.

संध्याकाळी केंद्राची घरघर थांबली. मी लॅपटॉप उघडून बाजेवर बसले होते, यंत्राचा आलेख समोर. दादारावांनी अंगणात आगटीच्या खड्ड्यात गोवऱ्या रचल्या, पेटवल्या, आणि ज्वारीची कोवळी कणसं निखाऱ्यात खुपसली. हुरडा! काकूंनी गरम कणसं तळहातावर चोळून दाणे माझ्या ओंजळीत दिले. सोबत लसणाची चटणी, गूळ, दही. कोवळे, किंचित गोड, धुराचा वास असलेले दाणे. मी दुसरी मूठ तोंडात टाकली आणि पडद्यावरची रेघ वर जायला लागली. डोंगरासारखी. तोच डोंगर.

माझ्या ओंजळीतला हुरडा गार झाला.

"काकू, तुम्ही हुरडा रोज इथंच भाजता?"

"नाय गं. दरसाल बांधावर असतो. पन यंदा यंत्र बघायला मानसं येऊ राह्यली. सरपंच आले, शाळेचे मास्तर आले, व्याही आले. हुरड्याच्या दिवसात पाहुना आला आन तसाच पाठवला, असं चालतं का? मंग म्हनलं, आगटी इथंच करू. यंत्र बघत बघत खाता येतं."

म्हणजे यंत्रामुळे पाहुणे, पाहुण्यांमुळे हुरडा, हुरड्यामुळे धूर, आणि धुराखाली यंत्र. पुण्यात बसून मी गेले कित्येक दिवस वाऱ्याला दोष देत होते.

सरांना फोन केला. ते खूप हसले, मग गंभीर झाले. "तेवढे तास काढून टाक. कशाला सांगत बसायचं?"

"पण सर, यंत्राचे आकडे खडीकेंद्राच्या मालकांकडेही आहेत. ते विचारतीलच."

"मग तूच सांग बैठकीत. तू तिथंच आहेस."

माइकसमोर मी यापूर्वी फक्त शाळेतली प्रतिज्ञा म्हटली होती. तीही इंग्रजीत, आणि सगळ्यांबरोबर.

आमुशा

दुसऱ्या दिवशी गावात पोचले तर सगळीकडे शांत. केंद्राची घरघर नाही, ट्रॅक्टर नाहीत. मी काळजीनं विचारलं, मशीन बिघडलं का?

"आज आमुशा," काकू म्हणाल्या. "आमुशेला कोन मशीन चालवतं?"

अमावास्येला केंद्र बंद. दगड फोडत नाहीत, ट्रॅक्टर काढत नाहीत. रविवारी मात्र चालू. मी संगणकात प्रत्येक रविवारी सुट्टी भरली होती, कारण पुण्यात रविवारी सुट्टी असते. एखादा अख्खा दिवस यंत्र स्वच्छ हवा का दाखवत होतं आणि रविवारी धूळ का, ते आता कळलं. मी ते काकूंना सांगितलं आणि लगेच वाटलं, सांगायला नको होतं.

"पत्रिका बघता," त्या म्हणाल्या, "आन पंचांग नाय बघत?"

हे वाक्य गावात माझ्याआधी पोचलं. दुपारी किराणा दुकानात पाण्याची बाटली घ्यायला गेले, तर दुकानदारानं बाटलीबरोबर भिंतीवरचं कॅलेंडर काढून देऊ केलं.

पण अमावास्या माझ्या कामाची होती. केंद्र बंद असताना नुसता हुरड्याचा धूर यंत्राला कसा दिसतो, हे बघायची अशी संधी पुन्हा मिळाली नसती. यंत्र बारीक कण आणि जाड कण वेगवेगळे मोजतं. धुराचे कण बारीक असतात, फोडलेल्या दगडाची धूळ बरीचशी जाड. मी काकूंना विचारलं, आज मुद्दाम हुरडा लावाल का? एकदा अंगणात, आणि एकदा बांधावर?

"मुद्दाम?" काकू खूश झाल्या. "सरकारी कामासाठी हुरडा?"

तसा तो लागला. अंगणातल्या आगटीनं बारीक कणांची रेघ वर नेली, जाड कणांची रेघ जवळजवळ झोपूनच राहिली. बांधावरच्या आगटीनं यंत्र फारसं हललंही नाही. दोन्ही वेळचा हुरडा अर्थातच वाया जाऊ दिला नाही. रफिकभाई तिसऱ्यांदा घेत होते, तेव्हा मी पाहिलं. "साइन्स है मॅडम," ते म्हणाले, "करना पड़ता."

पुढच्या दिवशी आगटी बंद, केंद्र सुरू. आता जाड कणांची रेघ उठली. मी संगणकात रविवार पुसले, अमावास्या भरल्या, बारीक आणि जाड वेगळं केलं. मग नकाशा आणि यंत्र शेजारी शेजारी ठेवले. जुळत होतं. अगदी सगळे गुण नाहीत, पण लग्न लावायला पुरेसे.

त्यानंतर मी केंद्र संगणकात तीनदा चालवलं. आहे तसं, न झाकता दुप्पट, आणि खडी वाहून नेणारे पट्टे झाकून, पाणी मारून, रस्ता ओला ठेवून. दुसऱ्या नकाशात लाल रंग दादारावांच्या घरावरून शाळेपर्यंत गेला. तिसऱ्यात तो केंद्राच्या कुंपणाशी थांबला.

सभागृह

फुलंब्रीच्या सभागृहात बैठक होती. समोर साहेब, बाजूला खडीकेंद्राचे मालक बाबूशेठ, आणि खुर्च्यांवर गाव. अर्ध्या गावाला धूळ नको होती, अर्ध्याला काम हवं होतं, आणि बरेच लोक दोन्ही अर्ध्यांत होते. दादाराव मागच्या रांगेत बसले. काकू बायकांमध्ये, अगदी पुढे.

बाबूशेठ माणूस हसरा. त्यांनी मला आधी चहा पाजला, मग उभे राहिले. हातात यंत्राच्या आलेखाचा कागद.

"साहेब, माझं केंद्र दिवस मावळला की बंद. आन हे बघा, सगळ्यात उंच डोंगर सांजच्याला. मंग ही धूळ कुनाची? कॉम्प्युटरवाल्या मॅडमला तर हे डोंगर दिसलेच नाय. कॉम्प्युटर थंड खोलीत बसतो, त्याला काय धूळ कळनार!"

लोक हसले. मीही हसले, कारण शेवटचा भाग खरा होता. मग साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

मी उभी राहिले. पाठ केलेलं सगळं इंग्रजीत होतं, ते गेलं. उरलं ते एवढंच.

"तो हुरडा आहे," मी म्हणाले.

सभागृह एकदम हसलं. मी तशीच पुढे बोलत राहिले, थांबले असते तर खालीच बसले असते. यंत्राखाली आगटी होती, ती पाहुण्यांसाठी होती, एकदा माझ्यासाठीही होती. ते डोंगर बारीक कणांचे आहेत. दिवसाचा हा दुसरा आलेख जाड कणांचा आहे, आणि तो अमावास्येला झोपतो. हुरडा अमावास्या पाळत नाही. खडीकेंद्र पाळतं.

"असं का?" बाबूशेठ म्हणाले. "म्हंजे आता हुरड्यावर बंदी आनता का मॅडम?"

हसू थांबलं. गाव माझ्याकडे बघायला लागलं, आणि त्या नजरेत धूळ, काम, नातू काही नव्हतं, फक्त हुरडा होता. मी घाईनं सांगितलं, नाही, नाही, तेही करून पाहिलंय. आगटी बांधावर नेली की पुरतं.

"पन घरच्या धुराचं खापर माझ्यावर..." शेठ पुन्हा कागद वर करत होते, तेवढ्यात काकू उठल्या.

मागच्या रांगेत दादाराव जमिनीकडे बघायला लागले. त्यांचा ट्रॅक्टर शेठकडे होता.

"शेठ," काकू म्हणाल्या, "त्या कागदावरचा एक डोंगर तुमचा हाय. यंत्र बघायला आले होते तुम्ही. दोनदा मागून खाल्ला."

सभागृहाचं छप्पर उडायचं बाकी राहिलं. साहेबांनी तोंडावर फाईल धरली. बाबूशेठ लालबुंद झाले, आणि मग तेही हसायला लागले. "चटनी चांगली होती वहिनी," एवढंच म्हणाले आणि बसले.

काकू मात्र उभ्याच राहिल्या. "केंद्र बंद नको. झाका. ही पोरगी म्हनती झाकलं तर जमतं. तिनं पत्रिका बघितली हाय." मग माझ्याकडे वळून, "दाखव त्यांना तिसरा नकाशा."

मी दाखवला.

पुणे

त्या दिवशी निर्णय झाला नाही. असे निर्णय बैठकीत होत नसतात. मी परत आले, सोबत हुरड्याची पिशवी आणि किराणा दुकानातलं कॅलेंडर. काही आठवड्यांनी आदेश निघाल्याचं कळलं. आहे ते केंद्र आधी झाकायचं, पाणी मारायचं, ट्रॅक्टरवर ताडपत्री टाकायची. यंत्र तिथंच राहील. धूळ खरोखर कमी झालेली त्यावर दिसली, तरच वाढवायचं बोला. शेठनी कुरकुरत पत्रे ठोकले. दादारावांचा ट्रॅक्टर चालू आहे.

यंत्राचा आलेख मी रोज बघते. जाड कणांची रेघ हळूहळू खाली आली. हुरड्याचे दिवस संपले, संध्याकाळचे डोंगरही संपले.

मग मार्चमध्ये एक दिवस सरांनी बोलावलं. "हे काय? रोज सकाळी एक छोटा डोंगर. बारीक कण. तुझ्या नकाशात नाही. नवीन काय सुरू झालंय तिथे? भट्टी वगैरे?"

मी बघितलं. रोज सकाळी, ऊन वर आलं की, छोटासा धूर. अमावास्येलाही. मी फोन लावला.

"काकू, सकाळी काय पेटवताय?"

पलीकडे आधी भांड्यांचा आवाज, मग पाणी, मग एक जोरदार, दणदणीत रडणं. नाजूक छातीचं अजिबात न वाटणारं.

"पऱ्हाट्या!" काकू त्या आवाजावरून ओरडल्या. "अंघोळीचं पानी तापवते. तुला तिथं पुन्यात कसं कळलं गं?"

मी म्हणाले, काकू, बाळाजवळ धूर नको, पाणी गॅसवर तापवा. त्या म्हणाल्या, सून बी हेच म्हनती, दोघी एकाच शाळेत होत्या का? मग म्हणाल्या, बरं, उद्यापासून गॅसवर. आन तुझी पत्रिका कधी बघायची?

फोन ठेवला. सर वाट बघत होते.

"काय निघालं? नकाशात भरायचं का?"

"नको," मी म्हणाले. "उद्यापासून दिसणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आलेख उघडला. छोटा डोंगर जिथल्या तिथं होता.